गर्दीत गांगरणारं लेकरू आणि पाळण्यांचा दिवस

पोहरादेवीची रामनवमीची यात्रा असो की डव्ह्याची, एक दृश्य आपल्याकडे दरवर्षी दिसतं. आकाशपाळण्याचे दिवे लागलेले असतात. तीन दुकानांचे तीन भोंगे तीन वेगळी गाणी वाजवत असतात. भज्यांचा धूर डोळ्यांत जात असतो आणि या सगळ्याच्या मधोमध पाच-सहा वर्षांचं एक लेकरू जमिनीवर लोळण घेऊन किंचाळत असतं. बाप ओशाळलेला, माय रडकुंडीला आलेली. भोवती जमलेल्यांपैकी कोणी म्हणतं दृष्ट लागली, कोणी म्हणतं लाडावलंय, कोणी म्हणतं एक ठेवून द्या. अर्ध्या तासापूर्वी हेच लेकरू पाळण्यात बसायला उड्या मारत होतं.

पूर्वी हा प्रसंग गावच्या यात्रेपुरता होता. घर जवळ असायचं, उचललं की आणलं. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला, त्यावर चढायला-उतरायला शेलूबाजारला जागा मिळाली आणि नागपूर-शिर्डीची वॉटरपार्कं आपल्या सुट्टीच्या यादीत आली. शाळा संपली की मामाची पोरं, काकाची पोरं, दोन गाड्या असा बेत ठरतो. पण घरात गोंगाटाने, गर्दीने, दिव्यांनी पटकन बिथरणारं एखादं लेकरू असेल, तर त्याच्या आईबापांच्या पोटात गोळा येतो. न्यावं तर तिथे काय होईल, न न्यावं तर ते एकटंच मागे राहील.

त्याला न्यावं, असं माझं ठाम मत आहे. मात्र बेत उलट्या टोकाकडून आखावा. आपण एरवी कोणकोणते पाळणे करायचे ते आधी ठरवतो आणि विसावा उरलेल्या वेळात कोंबतो. या लेकरांसाठी आधी विसावे ठरवायचे आणि त्यांच्यामध्ये जेवढे मावतील तेवढेच पाळणे करायचे.

हा हट्ट असतो का?

हट्ट करणारं मूल रडता रडता आपल्याकडे बघत असतं. हवं ते मिळालं की डोळे पुसतं. अतिभाराने कोसळलेल्या मुलाला आपण समोर आहोत याचंही भान नसतं. मघाशी मागितलेला फुगा हातात दिला तरी ते तो फेकून देतं, कारण आता त्याला काहीच नको असतं. आवाज, उजेड, वास, स्पर्श, गिरक्या हे सगळं एकाच वेळी आत शिरतं आणि त्याच्या मेंदूला त्यातलं काय सोडायचं, काय ठेवायचं हे वेळेत निवडता येत नाही. अमेरिकेतल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट जीन एअर्स यांनी संवेदनांच्या या जुळणीवर आयुष्यभर काम केलं. १९७२ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकानंतर हा विषय जगभरच्या उपचारकेंद्रांत पोहोचला. स्वमग्न मुलांमध्ये, अतिचंचल मुलांमध्ये ही अडचण पुष्कळदा दिसते. कुठलंही निदान नसलेल्या हळव्या मुलांमध्येही ती असू शकते. शिक्षा करून ती जात नाही. भार कमी केला तर लेकरू सावरतं.

आधी आपलं लेकरू वाचा

सगळी मुलं एकाच गोष्टीने बिथरत नाहीत. कोणी मिक्सर लावला की कानांवर हात ठेवतं, कोणी सदऱ्याच्या मागची चिठ्ठी टोचते म्हणून रडतं, कोणाला फोडणीचा वास सहन होत नाही. उलट काही मुलांना संवेदना कमीच पडतात. ती गरगर फिरतात, उंचावरून उड्या मारतात, दिसेल त्या पाण्यात शिरतात. पाळणे बघून हीच मुलं सर्वांत जास्त खुलतात, त्यामुळे आपण निर्धास्त होतो. पण एकामागून एक चार गिरक्या झाल्या की तीच सर्वांत जोरात कोसळतात आणि हात सोडून पळण्याचा धोकाही त्यांच्याच बाबतीत अधिक असतो.

पेनसिल्व्हेनिया राज्यातलं सेसमी प्लेस हे उद्यान २०१८ साली स्वमग्न मुलांसाठीचं प्रमाणपत्र मिळवणारं पहिलं थीम पार्क ठरलं. तिथे प्रत्येक खेळापुढे तो कान, डोळे, नाक, त्वचा यांवर किती भार टाकतो, याचे १ ते १० असे गुण दिलेले असतात. असा तक्ता आपल्याला घरच्या वहीत करता येतो. पार्कचे व्हिडिओ मोबाइलवर बघा आणि प्रत्येक खेळापुढे पाच रकाने करा: आवाज, उजेड, वास, स्पर्श, तोल. आपल्या लेकराच्या दृष्टीने गुण द्या. ज्या खेळाला दोन रकान्यांत सातच्या वर गुण पडले, तो या वर्षी वगळा.

तोलाच्या रकान्याकडे नीट लक्ष द्या. बंगईवरचा संथ, एका लयीत पुढे-मागे जाणारा झोका बहुतेक मुलांना निववतो. ब्रेक डान्ससारखा झटके देत गरगर फिरणारा पाळणा चेतवतो आणि खाली उतरल्यावरही त्याचा अंमल बराच वेळ राहतो. म्हणून गिरकीच्या पाळण्यानंतर लगेच दुसरी गिरकी नको.

तीन पायऱ्यांची तालीम

पहिलीच सहल थेट वॉटरपार्कला नको. पहिली पायरी गावच्या आठवडी बाजाराची. सकाळी दुकानं मांडली जात असतानाच पंधरा मिनिटं जा, एक वस्तू लेकराच्या हाताने विकत घ्या आणि परत या. पुढच्या आठवड्यात गर्दी थोडी वाढल्यावर जा. लेकरू कितव्या मिनिटाला कान चोळायला लागतं, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतं, कारण नसताना खदाखदा हसतं, टाचा उचलून चालतं किंवा गप्प होतं, हे टिपून ठेवा. कोसळण्याआधीच्या या खुणा प्रत्येकाच्या वेगळ्या असतात आणि त्या दिवशी त्याच तुमचं घड्याळ होणार असतात.

दुसरी पायरी यात्रेची, पण रात्री दिवे लागल्यावर नको. दुपारी ऊन कलताना पाळणेवाले रिकामे असतात. त्यांना सांगितलं तर ते पाळणा हळू फिरवतात, भोंगाही थोडा वेळ बंद ठेवतात. आपली माणसं एवढं ऐकतात, फक्त मागायला संकोचू नका. यात्रेत पैसे एकेका पाळण्याचे असतात. एकच पाळणा करून घरी परतता येतं, त्यामुळे सरावाला यात्रेसारखी जागा नाही.

तिसरी पायरी घराबाहेरच्या मोठ्या पण शांत जागेची. अकोल्याच्या वाटेवरचा काटेपूर्णा अभयारण्याचा परिसर किंवा कारंज्याजवळचं सोहोळचं काळवीट अभयारण्य इथे एक सकाळ घालवा. गाडीत तासभर बसणं, बाहेर जेवणं, अनोळखी स्वच्छतागृह वापरणं यांचा सराव तिथे गर्दीशिवाय होतो. पुष्कळ लेकरांची सहल पाळण्यापेक्षा स्वच्छतागृहातल्या हात वाळवण्याच्या यंत्राच्या आवाजाने बिघडते.

ठिकाण आणि दिवस

सकाळी जाऊन संध्याकाळी परतायचं असेल, तर शेगावसारखं अंतर पुरे. तिथल्या आनंद सागर उद्यानातलं तळं आणि त्यामधलं ध्यानमंदिर मोठ्या माणसांनाही निववतं. तिथला नेमका कोणता भाग खुला आहे, हे निघण्याआधी विचारून घ्या. गुरुवार, प्रकटदिन आणि ऋषिपंचमीचे दिवस टाळा.

नागपूरचं फन अँड फूड व्हिलेज किंवा शिर्डीचं वेट अँड जॉय गाठायचं असेल, तर मुक्काम करा. विशेषतः शिर्डीला जायचं तर थांबे धरून चार तास जाणं, तेवढंच येणं आणि मध्ये दिवसभर पाणी हे एका दिवसात बसवू नका. आदल्या संध्याकाळी पोहोचा, सकाळी दार उघडताच आत जा, दुपारी खोलीवर झोपा आणि तिसऱ्या दिवशी सकाळी निघा. शिर्डीत गुरुवार, शनिवार, रविवार गर्दीचे असतात. मंगळवार-बुधवार बरे.

विदर्भातल्या पालकांना एक सोय आहे. उन्हाच्या तडाख्यामुळे आपल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. २०२५ साली तिकडच्या शाळा १६ जूनला उघडल्या आणि आपल्या २३ जूनला. मधल्या आठवड्यात पुण्या-नाशिककडची शाळकरी मुलं वर्गात बसलेली असतात आणि आपली अजून मोकळी असतात. शिर्डीला किंवा लोणावळा-खोपोलीकडच्या पार्कांत जायला सुट्टीतला हाच काळ सगळ्यांत निवांत. मेच्या रणरणत्या उन्हात मात्र या लेकरांना नेऊच नका. उन्हाचा भार बाकी सगळ्या भारांत मिसळतो.

शिर्डीत साई तीर्थ हे थीम पार्कही आहे. तिथला लंका दहनचा फाइव्ह-डी खेळ मुलांना आकर्षक वाटतो. पण अशा खेळांत अंधार, हलणाऱ्या खुर्च्या, दणका देणारा आवाज हे सगळं एकत्र येतं, हे आधीच जाणून घ्या. मिरगीचा त्रास असलेल्या मुलाला लखलखणाऱ्या दिव्यांचे खेळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय दाखवू नका.

घरातली तयारी

अचानक घडणारी गोष्ट या मुलांना सर्वांत जड जाते. म्हणून आठवडाभर आधीपासून दिवस चित्रांतून दाखवा. वहीच्या एका पानावर सहा चौकोन काढा: गाडी, दार, छोटं तळं, सावलीत खाऊ, घसरगुंडी, खोली. झालं की त्यावर लेकराने स्वतः काट मारायची. शेवटचा चौकोन नेहमी परतीचा असावा. दिवस कुठे संपतो हे माहीत असलं की धीर टिकतो.

वॉटरपार्कमध्ये बहुधा सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचा पोशाख लागतो. ओला झाला की तो अंगाला चिकटतो आणि कित्येक मुलांना तेच सहन होत नाही. पोशाख आधीच विकत घ्या, धुऊन मऊ करा, आतल्या चिठ्ठ्या काढा आणि घरच्या न्हाणीत चार-पाच वेळा तो घालूनच आंघोळ घाला. लाटांच्या तळ्यात लाटा सुटण्याआधी भोंगा वाजतो, मुलांच्या तळ्यात डोक्यावर मोठी बादली उलटते. हे आवाज व्हिडिओवर, आधी अगदी बारीक आवाजात, ऐकवून ठेवा.

पार्कला फोन करून चार गोष्टी विचारा. शांत बसायला जागा आहे का? बाहेर जाऊन पुन्हा आत येता येतं का? ठरावीकच पदार्थ खाणाऱ्या मुलाचा डबा आत नेऊ देतात का? दिव्यांग मुलाला रांगेत सवलत आहे का? दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मधल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. यूडीआयडी कार्ड असेल तर सोबत ठेवा आणि दारावर दाखवायला लाजू नका. कार्ड नसेल तर डॉक्टरांची चार ओळींची चिठ्ठीही उपयोगी पडते.

पिशवीत काय हवं

- कानावर बसणारे आवाजरोधक. कारखान्यातल्या कामगारांसाठीचे हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, मुलांच्या मापाचे ऑनलाइन मागवता येतात. पाळण्यात बसताना ते काढून ठेवा.
- टोपी, रंगीत काचांचा चष्मा, पायांना न चटकणाऱ्या रबरी चपला.
- आजीची जुनी गोधडी. अनोळखी जागी घरचा वास आणि अंगावरचं वजन दोन्ही तीच देते.
- रोजचा खाऊ: दशमी, धपाटे, खाकरा. कडक चावण्याने आणि नळीने ताक ओढण्याने पुष्कळ मुलं शांत होतात. पाच वर्षांखालच्या लेकराला मात्र दाणे-फुटाणे देऊ नका, घशात अडकतात.
- हातात मळायला कणकेचा गोळा किंवा आवडतं खेळणं.
- कोरड्या सुती कपड्यांचे दोन जोड.
- नेहमीची औषधं, नेहमीच्याच वेळेला. लेकरू शांत राहावं म्हणून सर्दीचं किंवा झोपेचं औषध स्वतःच्या मनाने कधीही पाजू नका.

लेकराच्या दंडावर बॉलपेनाने तुमचा मोबाइल नंबर लिहा. पाण्यात पुसला जातो, म्हणून कापडी पट्टीवर लिहून ती मनगटालाही बांधा. निघताना त्या दिवशीच्या कपड्यांत त्याचा एक फोटो काढून ठेवा. हरवलं तर पार्कचे रखवालदार, ११२ आणि १०९८ हे क्रमांक, याच क्रमाने. पण पार्कमध्ये मूल हरवलं तर सगळ्यांत आधी पाण्याकडे धावा.

रस्त्यावर

समृद्धीवर कडेला मनाला येईल तिथे गाडी थांबवता येत नाही. ठरलेल्या थांब्यांवर किंवा खाली उतरूनच थांबावं लागतं. त्यामुळे शेलूबाजारहून वर चढण्याआधी लेकराला लघवीला नेऊन आणा, पाणी आणि खाणं पुरेसं घ्या आणि पुढचे थांबे कागदावर लिहून ठेवा. गाडीतलं गाणं बंद. दोन गाड्या असतील तर हे लेकरू कमी माणसांच्या गाडीत बसवा. ती गाडी कोणत्याही क्षणी परत फिरू शकेल, हे सगळ्यांना घरीच सांगून ठेवा. पहाटे झोपेतून उचलून नेलेलं लेकरू दिवस सुरू होण्याआधीच थकलेलं असतं. तासभर उशीर चालेल, झोप मोडू नका.

आत गेल्यावर

पहिलं काम विसाव्याची जागा शोधण्याचं. भोंग्यापासून लांब, झाडाखाली, पाठीमागे भिंत असलेली. लेकराला ती दाखवा, तिथे गोधडी पसरा, दोन घास खाऊ द्या. "खूप झालं की आपण इथं यायचं" एवढंच सांगा. बोलता येत नसेल तर एक खूण ठरवा, उदाहरणार्थ आईचा पदर दोनदा ओढणं. ती खूण झाली की कारण न विचारता निघायचं. एकदा जरी "थांब, आता नंबर आलाच" असं म्हणालात, तर पुढच्या वेळी ते खूण करणार नाही, थेट किंचाळेल.

मग सोप्यापासून सुरुवात करा. एक खेळ आणि जवळपास तेवढाच वेळ सावली. आधी पाहायचं, मग पाय बुडवायचा, मग आत जायचं. "नको" म्हटलं की नको. रांगेत एका मोठ्या माणसाने उभं राहावं आणि नंबर जवळ आल्यावर लेकराला आणावं. हे चालेल का, ते तिथल्या माणसाला आधी विचारून घ्या. रेन डान्सच्या वेळी डीजेपासून जितकं लांब जाता येईल तितकं जा.

पाण्याजवळ असताना लेकरू कोणाच्या ताब्यात आहे, हे तोंडाने बोला. "आता तुमच्याकडे", "हो, माझ्याकडे". सगळे बघताहेत असं वाटतं, तेव्हाच कोणी बघत नसतं. ज्याच्याकडे लेकरू, त्याच्या हातात मोबाइल नको.

सोबत बहीण असेल तर तिचाही विचार करा. तिला दोन तास मामासोबत मनसोक्त हिंडू द्या. दरवेळी भावासाठी पाळणा सोडावा लागला, तर तिच्या मनात अढी बसते आणि ती आयुष्यभर जात नाही.

कोसळलंच तर

कितीही आखलं तरी होऊ शकतं. तेव्हा ओरडू नका, समजावू नका, प्रश्न विचारू नका. तुमचा प्रत्येक शब्द त्याच्या कानांवर आणखी एक ओझं असतो. त्याला सावलीत न्या. उचलता येत नसेल तर तुम्ही त्याच्या आणि गर्दीच्या मध्ये बसा. त्याला आवडत असेल तर गोधडीत घट्ट लपेटा, स्पर्श नको असेल तर हातभर अंतरावर थांबा. डोकं आपटत असेल तर खाली काहीतरी मऊ सरकवा. मग थांबा. दहा मिनिटं लागतील, तासभरही लागेल. शांत झाल्यावर पाणी द्या, उपदेश नको. त्या दिवशी पुन्हा मोठा पाळणाही नको.

जमलेल्या लोकांना एकच वाक्य पुरे: "त्याला आवाजाचा त्रास होतो, जरा मोकळं होऊ द्या." कोणी मोबाइलवर चित्रण करत असेल तर नम्रपणे पण स्पष्टपणे थांबवा. घरच्या वडीलधाऱ्यांशी मात्र निघण्याआधीच बोला. आबा-आजींना हे लाड वाटतात, कारण त्यांना कोणी दुसरं काही सांगितलेलंच नसतं. "आबा, तो गांगरला की तुम्ही त्याच्याजवळ नुसते बसा, तुमच्याजवळ तो लवकर निवतो," असं काम सोपवलं की तेच सगळ्यांत मोठा आधार होतात.

परतल्यावर

दुसरा दिवस कोरा ठेवा. शाळा, पाहुणे, लग्नकार्य काही नको. भार उतरायला वेळ लागतो आणि पुष्कळदा चिडचिड घरी आल्यावरच बाहेर पडते. वहीत दोन ओळी लिहा: काय जमलं, कितव्या मिनिटाला थकलं. पुढच्या वर्षीचा बेत तिथूनच सुरू होतो.

हा त्रास फक्त पार्कात नसून रोजच्या जेवणात, कपड्यांत, शाळेतही दिसत असेल, तर तपासणी करून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत येतात. अंगणवाडी ताईंना किंवा आशाताईंना सांगितलं तर त्या पथकाशी गाठ घालून देतात आणि तिथून पुढे जिल्हा पातळीवर पाठवलं जातं.

शेवटची गोष्ट पैशांची, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. पार्कचं तिकीट महाग असतं, दिवसभराचं असतं, आणि आपण काटकसरीने जगणारी माणसं आहोत. पैसे वसूल झाले पाहिजेत, हे आपल्या हाडांत मुरलेलं आहे. पण या लेकरांना बहुतेक वेळा मोडतो तो त्या वसुलीसाठी ओढलेला शेवटचा तास. तीन खेळ झाले, दुपारचा दीड वाजला, अजून सगळं सुरू आहे, बाकीची पोरं रांगेत आहेत. तुम्ही गोधडी घडी करा आणि निघा. दाराशी पोहोचल्यावर लेकरू मागे वळून पाण्याकडे बघत असेल, तर वेळ बरोबर साधली आहे.